गुन्हा सिद्ध होऊनही पोलिसाला शिक्षा एवढी कमी का होते?

कोठडीत मारल्याचं कोर्टात सिद्ध होऊनही पोलीस थोडक्यात कसे सुटतात आणि घरच्यांना काही करता येतं का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला फौजदारी वकिली करतो.

जिल्ह्यातल्याच एका खटल्यात मी मुलाच्या आईच्या बाजूने होतो. चोरी कबूल कर म्हणून पोराच्या तळपायांवर पट्टे मारलेले. हवालदार दोषी ठरला. शिक्षा काय, तर न्यायालय उठेपर्यंत कैद आणि हजार रुपये दंड. तो मागच्या बाकावर बसून राहिला, घरून आलेला डबा खाल्ला आणि संध्याकाळी घरी गेला. ती माउली मला विचारत होती, "साहेब, याला आता कधी नेणार?"

खरं तर कलम लावलं तेव्हाच ही शिक्षा ठरली होती. कबुलीसाठी मारलं तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 330, सात वर्षांपर्यंत कैद (आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं 120). लावलं होतं 323, साधी दुखापत, जास्तीत जास्त एक वर्ष. कबुलीसाठीच मारलं हे सांगणार कोण? आत हजर असतात ते सगळे खाकीतलेच. म्हणूनच कोठडीतली इजा पोलिसानेच केली असं कोर्टाला गृहीत धरता यावं, अशी शिफारस विधी आयोगाने, म्हणजे सरकारला कायद्यातले बदल सुचवणाऱ्या आयोगाने, 1985 साली केली होती. ती अजून कायद्यात आलेली नाही.

मग शिक्षेच्या सुनावणीत ठरलेलं पालुपद: नोकरी गेली, पेन्शन गेली, मुलं लहान आहेत. याचा मला मनापासून राग येतो. अहो, अंगावर वर्दी होती म्हणूनच तर त्याला हे करता आलं! नागपूरच्या 1993 मधल्या कोठडी मृत्यूत पोलिसांना तीन वर्षांची शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ती सात केली, म्हणजे कलम 330 ची कमाल शिक्षा. पण तोवर पंचवीस वर्षं गेली होती.

आता तुमचं. आरोपी निर्दोष सुटला, हलकं कलम लागलं किंवा भरपाई कमी मिळाली, तर पीडिताला अपील करता येतं. फक्त शिक्षा कमी झाली म्हणून येत नाही. ते अपील सरकारचं. त्यामुळे निकालाची नक्कल हातात पडताच सरकारी वकिलांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सरकार हललं नाही तर उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज (खालच्या कोर्टाचा निकाल तपासून बघा, अशी मागणी) करा, शिक्षा वाढवायचा अधिकार त्यांना आहे. आणि निकाल अजून लागायचा असेल, तर शिक्षेच्या सुनावणीला तुमचा वकील त्या नागपूरच्या निकालाची प्रत घेऊन सरकारी वकिलांशेजारी उभा असू द्या.