नववी-दहावीच्या मुलांना व्यसन आणि माणसाचं वागणं कसं शिकवावं?

तुम्ही विचारलंय की मुख्याध्यापकांनी नववी-दहावीला ‘व्यसनमुक्तीवर काहीतरी घ्या’ म्हणून सांगितलंय, तर भाषण आणि पोस्टर स्पर्धा सोडून काय करता येईल? बरंच करता येतं. पण आधी वेळ मागून घ्या. एका दिवसाचा कार्यक्रम उपयोगाचा नाही. ३५ मिनिटांच्या सहा तासिका, आठवड्याला एक, एवढं तरी हवं. त्यातल्या दोन विज्ञानाच्या शिक्षकांकडून सहज मिळतात. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये ‘सामाजिक आरोग्य’ हा धडा आहे, आणि चेतापेशी, आम्ल-आम्लारी हे मुलांना ओळखीचं असतं.

काय टाळायचं ते आधी सांगतो, कारण या विषयात चुकीच्या शिकवण्याने खरोखर नुकसान होतं. एकतर्फी माहितीची भाषणं, घाबरवणारे फोटो आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाची स्टेजवरची कहाणी यांनी मुलांचं वागणं बदलत नाही, कधी उलटाच परिणाम होतो. संयुक्त राष्ट्रांची आणि जागतिक आरोग्य संघटनेची प्रतिबंधाची मानकं हेच सांगतात. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस अधिकारी वर्गावर जाऊन व्यसनाविरुद्ध शिकवायचे, तो ‘डेअर’ कार्यक्रम देशभर पसरला. पुढे तपासणी झाली तेव्हा मुलांच्या मादक पदार्थांच्या वापरात जेमतेम फरक दिसला. फळ्यावर मादक पदार्थांची यादीही लिहू नका. ज्या मुलाने नाव ऐकलेलं नाही त्याला ते आपणच सांगितल्यासारखं होतं.

सुरुवात मुलांना रोज दिसणाऱ्या गोष्टींपासून करा: तंबाखू-चुना, मिश्री, सुगंधी सुपारी, गुटखा, बिअर. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात ते मुलांना ठाऊक असतं. हे लक्षात ठेवा की वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी आजी मिश्री लावते किंवा वडील तंबाखू मळतात. ‘तंबाखू खाणारे मूर्ख’ असं एक वाक्य गेलं की ती मुलं त्या दिवसापुरती तुमच्यापासून तुटली. म्हणून पहिल्याच तासाला सांगा: इथे माणसांची निंदा होणार नाही, कुणी घरच्यांची नावं घ्यायची नाहीत, आणि कुणी स्वतःबद्दल सांगायची सक्ती नाही.

पहिल्या तासिकेत छोटी निनावी चाचणी घ्या. ‘तू खातोस का?’ हे विचारू नका; चाळीस मुलांच्या वर्गात अक्षरावरूनही माणूस ओळखू येतो. विचारायचे ते दोनच प्रश्न. ‘मित्राने गुटखा खाल्ला तर तुला ते ठीक वाटेल का?’ आणि ‘वर्गातल्या किती जणांना ते ठीक वाटेल, असं तुला वाटतं?’ सगळ्यांना एकसारख्या चिठ्ठ्या द्या, उत्तरं फक्त ‘हो’, ‘नाही’ आणि आकडा. चिठ्ठ्या खोक्यात गोळा करून पुढच्या तासाला बेरीज फळ्यावर मांडा. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नातला अंदाज पहिल्यातल्या खऱ्या आकड्यापेक्षा मोठा निघतो. ‘सगळेच करतात’ हा समज चूक आहे, हे त्यांच्याच आकड्यांतून दिसतं. आणि तसं निघालंच नाही, म्हणजे खूप जणांना खरंच ठीक वाटत असेल, तर आकडा दडपू नका. त्याची कारणं विचारा आणि पुढच्या तासिकांचा भर त्यावर ठेवा.

दुसरी आणि तिसरी तासिका हा माझ्या मते सगळ्याचा गाभा. मुलांना विचारा, तंबाखूत चुना का घालतात? ‘चव’, ‘सवय’ अशी उत्तरं येतील. मग लिटमस काढा. चुन्याच्या निवळीत लाल लिटमस निळा होतो, म्हणजे चुना आम्लारी. निकोटिन स्वतः सौम्य आम्लारी आहे. आम्लधर्मी द्रावणात त्याचे रेणू भारित असतात आणि तोंडाच्या नाजूक अस्तरातून सहज पलीकडे जात नाहीत. चुन्यामुळे ते भारमुक्त होतात आणि भराभर रक्तात शिरतात. शिवाय चुना ते अस्तर पोळतो. या प्रयोगाला फक्त चुना आणि लिटमस लागतो. तंबाखू वर्गात आणायचीच नाही. चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून निवळी आदल्या दिवशी स्वतः करून वरचं स्वच्छ पाणीच न्या.

मग आलेख. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. आलेख कागदावर १०० पासून सुरू करून दर दोन तासांनी निम्मं करत जायला सांगा: ५०, २५, १२.५, ६.२५. आठ तासांची झोप झाली की पातळी तळाला. आता विचारा, सकाळी उठल्याउठल्या मिश्री लावल्याशिवाय आजीला चैन का पडत नाही? मेंदूतले रिसेप्टर, म्हणजे निकोटिन जिथे चिकटतं त्या जागा, रोजच्या निकोटिनला सरावलेले असतात. ते मिळालं नाही की चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं सुरू होतं, आणि पुढच्या चिमटीने ते थांबतं. ‘तंबाखूने डोकं शांत होतं’ म्हणतात ते खोटं नसतं, पण ती अस्वस्थता तंबाखूनेच आणलेली असते. सहा तासिकांमधून एकच गोष्ट मुलांच्या डोक्यात राहणार असेल, तर ती ही असावी. इथे घाई करू नका. मुलांना प्रश्न विचारू द्या. ‘मग सोडताना इतका त्रास का होतो?’ हा प्रश्न आला की समजा धडा पोचला.

सुपारीला वेगळी पंधरा मिनिटं द्या. ‘यात तंबाखू नाही, मग काय होतंय’ हा गैरसमज शाळकरी मुलांमध्ये फार घट्ट आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, आणि सुपारीच्या सवयीने तोंडातलं अस्तर ताठर होऊन तोंड उघडणं कमी होत जातं. हे विशीतल्या पोरांमध्येही दिसतं. गालाच्या कर्करोगाचा फोटो चौदा वर्षांच्या मुलाला दूरचा वाटतो. वडापाव तोंडात मावणार नाही हे त्याला लगेच कळतं. घरी आरशासमोर करायची तपासणी सांगा: स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून वरच्या-खालच्या दातांच्या मधे जातात का? जात नसतील, किंवा तिखट खाताना आग होत असेल, तर दंतवैद्याकडे जायचं. ही तपासणी वर्गात सगळ्यांसमोर मुळीच करून घेऊ नका, ज्याचं तोंड उघडत नाही तो मुलगा सगळ्यांपुढे उघडा पडतो.

दारूसाठी पट्टीचा प्रयोग चांगला. एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी वरून उभी धरायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी बोटं उघडी ठेवायची, न सांगता सोडली की पकडायची. पट्टी १५ सेंटिमीटर घसरली तर प्रतिसादाला सुमारे ०.१७५ सेकंद लागले, २० ला ०.२०. पाच वेळा करा, पहिलं वाचन सोडून द्या. मग १०० मधून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणायला लावून पुन्हा मोजा, वेळ वाढतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे ०.१ सेकंदाचा उशीर एका मीटरहून जास्त पडतो. लक्ष विभागलं तर एवढा फरक. दारू प्रतिसादही मंद करते आणि ‘मी ठीक आहे’ हा अंदाजही बिघडवते. कॉफीने किंवा गार पाण्याने ती उतरत नाही, यकृत आपल्या गतीनेच काम करतं, हेही सांगा. प्रयोग फसतो तो बहुधा पट्टी सोडणाऱ्याचा खांदा आधी हलल्यामुळे. पकडणाऱ्याला फक्त पट्टीकडे बघायला सांगा.

वागण्याच्या भागासाठी व्यसनाचं उदाहरण न घेता मोबाईलचं घ्या. मुलांनी आठवडाभर वहीत लिहायचं: फोन हातात घेतला तेव्हा किती वाजले होते, कुठे होतो, सोबत कोण होतं, त्याआधी काय वाटत होतं. चार रकाने पुरे. कंटाळा, एकटेपणा, ठरावीक जागा यांनी हात आपोआप वळतो हे त्यांना स्वतःच्या वहीत दिसतं, आणि कुणाला काही कबूल करावं लागत नाही. तलफ आली की ती बहुधा काही मिनिटांत ओसरते, हे इथे जोडून द्या. तेवढा वेळ काय करायचं, याची यादी मुलांनीच करायची.

पाचव्या तासिकेत नकाराचा सराव. पहिली पुडी किंवा पहिला घोट अनोळखी माणूस क्वचितच देतो. देतो तो आतेभाऊ, वरातीत. किंवा मंडळातला दादा, विसर्जनाच्या रात्री. ‘नाही म्हणा’ सांगून काही होत नाही, वाक्यं तोंडात बसावी लागतात. ‘नको रे, उद्या मॅच आहे.’ ‘दादा, घरी वास येतो, मी चाललो.’ कारण लांबवायचं नाही, वाद घालायचा नाही, आणि जागा सोडायची. आग्रह करणाऱ्याची भूमिका मात्र शिक्षकानेच करावी. मुलांना दिली की वर्ग हसतो आणि आग्रह करणाराच भाव खाऊन जातो. ‘संशयित’ मुलांचा वेगळा गट काढून शिकवण्याचा मोहही टाळा. अशी मुलं एकत्र आली की एकमेकांची सवय पक्की करतात.

व्हाइटनर, थिनर यांची वर्गात चर्चा ‘नशा’ म्हणून नको. एम्सने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा होता की मुलांमधलं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त निघालं, म्हणून विषय टाळून चालत नाही. पण तो विषारी रसायनांच्या सुरक्षिततेत घ्या आणि हुंगण्याची पद्धत सांगू नका. शिक्षकांनी मात्र हे पक्कं लक्षात ठेवावं: हुंगताना सापडलेल्या मुलावर ओरडू नका, त्याच्या मागे धावू नका. या रसायनांनी हृदय अॅड्रेनलिनला अतिसंवेदनशील होतं आणि अचानक दचकल्यास ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो. शांतपणे मोकळ्या हवेत न्या, शुद्ध हरपली तर कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा.

शेवटची तासिका कायदा आणि मदत यांची. शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, तंबाखू विकायला मनाई आहे. १८ वर्षांखालच्यांना कुठेच विकता येत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ खाली मुलांना दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. भूगोलाच्या वहीत शाळेभोवतीचा नकाशा काढून घ्यायला हरकत नाही, पण टपरीवाल्याशी बोलायला मुलांना पाठवू नका. ते काम मुख्याध्यापकांच्या पत्राचं. फळ्यावर १४४४६ (व्यसनमुक्ती), १४४१६ (टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी) आणि १०९८ (चाइल्डलाइन, संकटातल्या मुलांसाठी) लिहा, आणि सगळ्यांना वहीत उतरवून घ्यायला लावा, म्हणजे कुणी एकटा उतरवतोय असं दिसत नाही.

तास संपल्यावर एखादं मूल रेंगाळेल. ‘आमच्या पप्पांचं…’ म्हणून सुरू करेल, किंवा स्वतःचं सांगेल. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मदत मागावी लागेल, बाकी तुझ्या परवानगीशिवाय नाही’ हे आधीच सांगा. कधीपासून, किती वेळा, सकाळी उठल्यावर लगेच लागतं का, एवढं विचारा. सकाळी लगेच लागत असेल तर सवय खोल गेली आहे. समुपदेशक किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. पुण्याजवळ असाल तर १९८६ पासून चालणारं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. पालकांना कधी आणि कसं सांगायचं ते मुलाला विचारून ठरवा. घरात मारहाण होत असेल तर आधी १०९८.