अनारसा हसला तर कोणाला विचारशील?

अगं, खाण्यापिण्याच्या या ऑनलाइन गटांत आलीस ते बरं झालं. पण आल्या आल्या शंभर पाककृती साठवत बसू नकोस. कृती कुठेही मिळते, खरा माल असतो तो खालच्या प्रतिसादांत. अनारशाचंच घे. तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, गूळ घाला, हे सगळेच सांगतात. अनारसा तुपात पडल्या पडल्या हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर काय? ‘गूळ जास्त झालाय, थोडी तांदळाची पिठी मळून घे’ हे कोणीतरी तिसऱ्या पानावर सांगितलेलं असतं. ते वहीत उतरव, तारखेसकट.

वहीत अशासाठी की या जागा बंद पडतात. १९९७ साली सुरू झालेलं अमेरिकेतलं चाऊहाउंड हे खवय्यांच्या गप्पांचं संकेतस्थळ बघ. २०१५ मध्ये त्याचं रूप पालटलं, ते न रुचलेल्या जुन्या खवय्यांनी हंग्री ओनियन या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर बिऱ्हाड हलवलं. मूळ जागा २०२२ मध्ये मिटली. माझ्या एका जुन्या गटाचंही तसंच झालं, आणि भाजणीचं प्रमाण गेलं ते गेलंच. (चूक माझीच, आळस!)

नव्या जागी आधी चार दिवस नुसतं वाच. मग विचार, पण ‘मोदक फुटतात, काय करू?’ असं मोघम नको. पिठी कुठल्या तांदळाची, वाटीला पाणी किती, उकड गरम असतानाच मळलीस का, ते लिही. आणि जमलं की परत येऊन सांग. बहुतेक जण तेवढंच विसरतात.