ग्वाल्हेर संस्थानाच्या शेतकी खात्यात खरंच कुणी मिशनरी होता का? आणि त्याचं आज काही घेता येईल का?

हो, होता. सॅम हिगिनबॉटम. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, 1916 ते 1919 या काळात, ते संस्थानाच्या शेतकी खात्याचे संचालक होते. तुमचा प्रश्न असा, की हा 'शेतकऱ्याचा ख्रिस्ती मास्तर झालेला' माणूस नक्की कोण, आणि ग्वाल्हेरजवळच्या मुरारच्या बाहेर दहा म्हशी व भिंडच्या अंगाला बीहडानं, म्हणजे खोल घळींच्या रानानं, कातरलेली थोडी जमीन असलेल्या माणसाला त्याच्याकडून आज काय उचलता येईल.

आधी थोडी दुरुस्ती. क्रम बराचसा उलटा आहे: आधी ख्रिस्ती मास्तर, मग शेतकरी. जन्म 1874 चा, मँचेस्टरचा, वाढले वेल्समध्ये. मग अमेरिकेत माउंट हर्मन या शाळेत गेले. तिथे पुस्तकं आणि अंगमेहनत दोन्ही सक्तीचं होतं. पुढे प्रिन्स्टनची पदवी घेतली आणि 1903 मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. दीक्षा घेतलेले पाद्री ते नव्हते. आले होते खेड्यांतल्या खालच्या मानल्या गेलेल्या जातींत धर्मप्रचार करायला, पण मिशननं त्यांना अलाहाबादच्या ख्रिश्चन कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला बसवलं. शिवाय नैनीच्या कुष्ठाश्रमाची देखरेखही गळ्यात पडली. ते काम त्यांनी आणि पत्नी एथेलिंड यांनी वर्षानुवर्षं निभावलं.

अर्थशास्त्र शिकवता शिकवता त्यांना एक गोष्ट लख्ख दिसली: आजूबाजूच्या गरिबीचं मूळ एकरी उताऱ्यात आहे, आणि त्यावर आपल्याला काहीही येत नाही. म्हणून पस्तिशीतला हा प्राध्यापक 1909 मध्ये अमेरिकेला परत गेला आणि ओहायो स्टेट विद्यापीठात शेतकीच्या वर्गात जाऊन बसला. माझ्या मते त्यांच्या चरित्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. ग्वाल्हेर त्यानंतरचं. यमुनेपलीकडे नैनीला जी जमीन घेतली ती सुमारे पावणेतीनशे एकर, घळींनी फाटलेली आणि कांस हे चिवट गवत माजलेली. चांगली जमीन मुद्दाम घेतली नाही म्हणा किंवा परवडली नाही म्हणा, फायदा एकच झाला: तिथे जे उगवलं ते आजूबाजूच्या शेतकऱ्याला 'साहेबाच्या मातीचा चमत्कार' म्हणून उडवून लावता येईना. तिथे उभ्या राहिलेल्या अलाहाबाद ॲग्रिकल्चरल इन्स्टिट्यूटचं स्थापनावर्ष 1910 धरलं जातं. लोखंडी नांगर बनवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर कुंडलच्या माळावर कारखाना उभारत होते तेही हेच वर्ष.

लोखंडी नांगराची अडचण दोघांपुढे सारखीच होती. देशी नांगराचा फाळ माती चिरतो, उलथत नाही, आणि नांगराच्या दोन रेघांच्या मध्ये न हललेला पट्टा राहून जातो. विलायती नांगर माती उलथतो, पण आपल्या बैलजोडीला जड पडतो आणि मोडला तर गावचा लोहार हात लावत नाही. 1921 मध्ये मेसन व्हॉ हे इंजिनिअर नैनीला आले आणि त्यांनी 'वाहवाह', 'शाबाश' अशा नावांचे हलके नांगर तयार केले. हिगिनबॉटमांचा वकूब मला इथे दिसतो: स्वतःला जे येत नाही ते येणारा माणूस शोधायचा आणि त्याला काम करू द्यायचं. 1942 मध्ये तिथेच कृषी अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, तो देशातला पहिला. गोठ्यात सिंधी गाईंचा जर्सीशी संकर करून 'जरसिंध' गाई तयार केल्या, त्याही तिथल्याच. ते स्वतः 1944 च्या सुमारास निवृत्त झाले, 1958 मध्ये अमेरिकेत वारले. आत्मचरित्र 1949 चं. त्याच्या शीर्षकात त्यांनी स्वतःच्या नावापुढे 'फार्मर' एवढंच लावलं आहे.

ग्वाल्हेरबद्दल माझं मत थोडं रोखठोक आहे. माधवरावांना पाणी अडवण्याचा आणि शेती सुधारण्याचा ध्यास होता. ग्वाल्हेरजवळचं तिघऱ्याचं धरण त्याच वर्षांतलं, आणि 1917 च्या पावसाळ्यात ते फुटलंही. पण संस्थानातलं खातं दरबारच्या मर्जीवर चालतं आणि तीन वर्षांत मातीचा पोत बदलत नाही. नैनीला मात्र दरवर्षी शिकलेली पोरं बाहेर पडत राहिली, म्हणून टिकलं ते नैनीचं काम.

आता तुमचं शेत. त्यांनी चारा मुरवण्याचा, म्हणजे सायलेजचा किंवा मुरघासाचा, हिरिरीनं पुरस्कार केला होता, आणि तुमच्या दहा म्हशींना सर्वांत उपयोगी तेच आहे.

हिशेब असा. एका म्हशीला दिवसाला 15 किलो, म्हणजे दहा जणींना 150 किलो. नीट दाबलेल्या मुरघासाचं वजन घनमीटरला साधारण 550 किलो भरतं. खड्डा 2 मीटर रुंद आणि दीड मीटर खोल धरला तर रोज 9 सेंटिमीटर जाडीचा काप निघेल, आणि 120 दिवसांना खड्डा 11 मीटर लांब लागेल. लोक चुकतात ते रुंदीत. खड्डा ऐसपैस खणला की रोजचा काप चार-पाच सेंटिमीटरवर येतो, उघडं तोंड हवेनं तापतं, बुरशी धरते. दोन-तीनच जनावरं असतील त्यांनी खड्ड्याच्या भानगडीत पडूच नये, हवाबंद पिशव्या भराव्यात.

जागा उंचवट्यावर घ्या. ज्वारी किंवा मका, दाणे दुधाळ अवस्थेतून घट्ट होऊ लागले की कापायचा. कुट्टी 2 ते 3 सेंटिमीटर. मूठभर कुट्टी घट्ट दाबून पाहा: पाणी ठिबकलं तर ओली आहे, दिवसभर सुकू द्या, मूठ सोडताच विखुरली तर फार वाळली, गोळा राहून हळूहळू उमलला तर भरा. थर वीतभराचे, आणि प्रत्येक थर तुडवून, शक्य असेल तर ट्रॅक्टर फिरवून. कडा सर्वांत जास्त दाबा, कारण हवा तिथेच अडकते. दोन दिवसांत भरून संपवायचा. आठवडाभर रेंगाळलात तर खालचा माल तापून काळा पडतो. वर जमिनीपासून हातभर उंच घुमट ठेवा, जाड प्लॅस्टिक घाला आणि त्यावर वीतभर माती. 45 दिवस उघडायचा नाही. चांगल्या मुरघासाला ताकासारखा आंबट वास येतो. कुजका, नाकात बसणारा वास आला तर तो थर फेकून द्या. म्हशीला पहिल्या दिवशी 4-5 किलोच घाला, आठवड्यानं पूर्ण.

एक इशारा: पावसानं ताण दिलेली कोवळी ज्वारी हिरवी घालू नका, तिच्यात सायनाइडचं विष असतं. मुरवल्यानं ते बरंच कमी होतं, पण ज्वारी कोवळी असताना कापायचं कारणच नाही.

कांसाचं दुखणं खोल मुळाचं आहे. आपल्या मध्य भारतात ते इतकं होतं की 1949 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून ट्रॅक्टर आणून सरकारनं ते उखडायला घेतलं. रोटाव्हेटरनं कांस मरत नाही, वाढतो: मुळाचे तुकडे होतात आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा फुटतो. एप्रिल-मेमध्ये पलटी नांगरानं 30 सेंटिमीटर किंवा त्याहून खोल नांगरा, ढेकळं उन्हात तापू द्या, मग आडवी नांगरट करून मुळं वेचून बांधाबाहेर काढा. पावसाळ्यात दाट ताग किंवा ज्वारी पेरा म्हणजे उरलेल्याला ऊन मिळणार नाही. हे लागोपाठ दोन-तीन हंगाम करावं लागतं. एका वर्षात आटपल्यासारखं वाटलं की लोक सोडतात आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा पांढरे तुरे डोलतात.

बीहडाचं काम वरून सुरू करा. घळीच्या तळात मातीचे अडथळे घालण्याआधी तिच्या डोक्यावर येणारं पाणी थांबवायचं. घळीच्या काठापासून तिच्या खोलीच्या दोन-तीन पट मागे बांध घाला, दोन-अडीच फूट उंच, आणि तळाची रुंदी निदान तिप्पट. काठाला चिकटून घातलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात काठासकट घळीत जातो. सांडवा, म्हणजे जादा पाण्याला वाट, ठेवाच, दगडी किंवा पाइपाचा, आणि त्याचं पाणी गवत लावलेल्या पन्हळीतून खाली सोडा. सांडव्याविना बांध फुटला तर साठलेलं पाणी एकदम सुटतं आणि नवी घळ पडते. काळ्या मातीत बांध उन्हाळ्यात तडकतो, म्हणून जूनच्या आधी एकदा चालत जाऊन भेगा आणि उंदरांची बिळं बुजवून घ्या. घळ माणसापेक्षा दुपटीनं खोल असेल तर हे एकट्याच्या शेतापुरतं जमणार नाही, शेजारच्यांचं पाणीही त्यातूनच वाहतं. अशा वेळी मृदसंधारणाच्या माणसाकडून उतार मोजून घ्या आणि वरच्या शेतांसकट एकच आराखडा करा.