सांडपाण्यात औषधांचे अंश आहेत का, हे सांगलीत कसं तपासता येईल?

तुम्ही विचारलंय की शेरीनाला (शहराचं सांडपाणी वाहून नेणारा नाला) कृष्णेला मिळतो तिथल्या पाण्यात गोळ्या-औषधांचे अंश सापडतील का, आणि कॉलेजच्या लॅबमधलं टीडीएस मीटर नि सीओडी त्याला पुरेल का.

सापडायला हरकत नाही, पण या दोन्हींवर नाही. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतं. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण जाळायला (ऑक्सिडाइझ करायला) लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप; त्यात सगळंच एका आकड्यात येतं. त्यात साबण किती नि डायक्लोफेनॅक (दुखण्यावरचं औषध) किती, काही कळत नाही. बरीचशी औषधं नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम प्रति लिटर असतात. एक नॅनोग्रॅम प्रति लिटर म्हणजे शंभर कोटी लिटरांत एक ग्रॅम!

यासाठी एलसी-एमएस-एमएस लागतं, म्हणजे पाण्यातले पदार्थ वेगळे करून प्रत्येकाला त्याच्या वस्तुमानावरून ओळखणारं नि मोजणारं यंत्र. आपल्या भागाला ते नवं नाही. तासगावची द्राक्षं युरोपला जाण्याआधी कीटकनाशकांसाठी याच प्रकारच्या यंत्रावर तपासतात. तेव्हा रेसिड्यू टेस्टिंगवाल्या लॅबमध्ये चौकशी करा. औषधांची स्टँडर्ड्स (तुलनेसाठी लागणारे शुद्ध नमुने) मात्र त्यांच्याकडे असतीलच असं नाही आणि ती महाग पडतात, म्हणून यादी आखूडच ठेवा.

मी सांडपाण्याचेच नमुने करतो. माझ्या मते निकाल यंत्रावर बिघडत नाही, त्याच्या आधीच बिघडतो. बाटली तपकिरी काचेची घ्या, नमुना बर्फात आणा आणि लगेच ग्लास फायबर फिल्टरमधून गाळा. न गाळता एसपीई कार्ट्रिजवर (पाण्यातली औषधं धरून ठेवणारी छोटी नळी) ओतलंत की ती तुंबते: थेंब थांबतो, पंप नुसता घरघरत राहतो. नीट गाळलेलं अर्धा लिटर पाणी कार्ट्रिजमधून गेलं की अडकलेली औषधं मिथेनॉलने उतरवायची, नायट्रोजनखाली वाळवायची आणि एक मिलीत घ्यायची. झालं पाचशे पट. पण घाणही पाचशे पटीच्या आसपास होते आणि ती यंत्रात औषधाचा सिग्नल दाबते. म्हणून गाळल्यावर, कार्ट्रिजच्या आधी, ड्यूटेरियमवालं (जड हायड्रोजन घातलेलं, म्हणून यंत्राला वेगळं ओळखू येणारं) कार्बामाझेपिन हे औषध ठरलेल्या प्रमाणात घाला. ते जितकं दबलं वा सांडलं, तितकंच खरं कार्बामाझेपिनही, असा हिशेब.

शुद्ध पाण्याचा ब्लँक प्रत्येक वेळी सोबत चालवा, म्हणजे बाहेरून काही मिसळलं तर कळेल. आणि हो, कंबर धरली म्हणून मलम चोळलेल्या हातांनी नमुना घेऊ नका. दुखण्यावरच्या कित्येक मलमांत डायक्लोफेनॅकच असतं.

मी तुमच्या जागी असतो तर दोनच पदार्थ घेतले असते: फिट्सच्या गोळ्यांतलं कार्बामाझेपिन आणि चहातलं कॅफीन. पहिलं प्रक्रिया केंद्रातून जवळपास जसंच्या तसं बाहेर पडतं, दुसरं तिथे बऱ्यापैकी मोडतं. दोन्ही भरपूर मिळाली तर प्रक्रिया न झालेलं सांडपाणी येतंय असा संशय घ्यायला जागा आहे.

24 तासांचा एकत्रित नमुना जमला तर उत्तमच. तो नाही जमला तरी नाला मिळतो त्याच्या वरच्या अंगाचा नमुना सोडू नका, कारण कृष्णा सांगलीत येते तीच कराडसकट वरच्या कितीतरी गावांचं पाणी घेऊन.