वेगाच्या दिवसांसाठी हलका जोड

टेम्पो रन (दमवणाऱ्या पण टिकवता येईल अशा वेगाने सलग पळणं) आणि रेससाठी बुटांचा वेगळा जोड घेतोयस, चांगलंच आहे. पण सगळ्यात हलका तोच उचलू नकोस. एक बूट २०० ते २५० ग्रॅमचा पुरे. दुकानात टाचेची मागची बाजू अंगठ्याने दाबून बघ, लगेच चेपली तर ठेवून दे. मग बूट दोन्ही हातांत धरून पीळ. मधोमध फडक्यासारखा पिळला जात असेल, तर तुझ्यासारख्या पाय आत कलणाऱ्याला आधार मिळणार नाही. वाकायला हवा तो चवड्यापाशी.

खरेदीला संध्याकाळी जा, पळायचे मोजे घालून. पुढे अंगठाभर जागा हवीच, लांब पल्ल्यात पाय फुगतात. सोलच्या टाच-चवड्याच्या उंचीतला फरक आत्ताच्या बुटात १० मिमी असेल तर एकदम ४ वर उतरू नकोस, पोटऱ्या आखडतील. सोलमध्ये कडक कार्बन प्लेट असलेले बूट? इतक्यात नको.