मतदान कार्ड हरवलंय, तर मत टाकता येईल का? ओळखपत्राची सक्ती गरिबाला जाचक नाही का?

येईल, पण मतदार यादीत नाव हवं. लोकसभा-विधानसभेला आधार, पॅन, रोहयोचं जॉबकार्ड, फोटोचं बँक पासबुक, असं काहीही एक चालतं. बीएलओनं, म्हणजे केंद्राची यादी बघणाऱ्या अधिकाऱ्यानं, दिलेली नुसती मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून चालत नाही. माणसं तिथंच अडतात.

एवढे पर्याय असताना सक्ती मला जाचक वाटत नाही. खरा घात यादीत होतो. बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडचं ऊसतोड कुटुंब कारखान्यावर, घराला कुलूप, अन् त्याच वेळी पडताळणी झाली तर नाव स्थलांतरित म्हणून निघू शकतं. त्यामुळं गावी परतल्यावर आधी यादी बघा. नाव गेलं असेल तर नव्यानं नोंदणीसाठी फॉर्म ६ भरा, फक्त कार्ड हरवलं असेल तर दुसऱ्या कार्डासाठी फॉर्म ८.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकलेलं निघालं, तरी माघारी फिरू नका. केंद्राध्यक्षांकडं प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा वेळी मिळणारी वेगळी कागदी मतपत्रिका, मागा.