नारळाचं पीठ, नारळाची साखर, खोबरेल तेल: सगळं बदललं की केक पौष्टिक होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, म्हणून तुम्ही घरच्या केक-कुकीजमधलं लोणी काढून खोबरेल तेल घातलंत, मैद्याच्या जागी नारळाचं पीठ आणलंत आणि साखरेच्या जागी नारळाची साखर. आता केक कोरडा होऊन भुगा होतोय, नारळाच्या दुधाचा रस्सा फुटतोय, आणि एवढा खटाटोप करून हे सगळं खरंच पौष्टिक आहे का, अशी शंका येतेय.

शंका अगदी रास्त आहे. मीही काही वर्षं हेच करत होते. घरात लोणी येणं बंद, सगळं खोबरेल तेलात, आणि मनात समाधान की आपण फार चांगलं खातोय. पुढच्या तपासणीत माझाच एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, वर गेलेला निघाला, तेव्हा कुठे मी पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, कारण यात तुमच्या वडिलांचा प्रश्न आहे.

100 ग्रॅम लोण्यात साधारण 51 ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे संपृक्त चरबी असते. 100 ग्रॅम खोबरेल तेलात ती 80 ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे वडिलांच्या दृष्टीने हा बदल उलट्या दिशेने झालाय. बाटलीवर 'कोलेस्टेरॉल नाही' असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात ते मोजण्याइतकं नसतं. पण रक्तातला एलडीएल मुख्यतः आपण खाल्लेल्या कोलेस्टेरॉलवर ठरत नाही. संपृक्त चरबी जास्त झाली की यकृत रक्तातला एलडीएल उचलून घेण्याचं काम मंद करतं, आणि तो रक्तात साठत जातो. 2020 मध्ये 'सर्क्युलेशन' या वैद्यकीय नियतकालिकात 16 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी 10 मिलिग्रॅमच्या आसपास वाढला. एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, तोही चारेक मिलिग्रॅम वाढला, आणि खोबरेलाची बाजू घेणारे तेवढंच सांगतात. नुसता एचडीएल वाढल्याने हृदयाचं रक्षण होतं, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

'पण खोबरेलात एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळ्यांची चरबी) असतं, ते लगेच जळतं' हेही तुम्ही वाचलं असेल. ज्या एमसीटी तेलावर याचे प्रयोग झाले, ते आठ आणि दहा कार्बनच्या साखळ्यांचं, मुद्दाम वेगळं काढलेलं तेल असतं. खोबरेल तेलात या दोन्ही मिळून सुमारे 15 टक्केच भरतात. खोबरेल तेलाचा जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा, बारा कार्बनचा. त्याला कागदावर मध्यम साखळी म्हणतात, पण पोटात गेल्यावर ते बरंचसं लांब साखळीच्या चरबीसारखंच वागतं.

मग नारळ वाईट का? अजिबात नाही, आणि इथेच मला जे सांगायचंय ते आहे. 1981 मध्ये प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ आणि पुकापुका या बेटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टोकेलाऊचे लोक निम्म्याहून अधिक ऊर्जा नारळातूनच घेत होते, आणि तरी त्यांच्यात हृदयविकार फारसा दिसत नव्हता. हा अभ्यास खोबरेल तेलाच्या जाहिरातीला जोडला जातो, तेव्हा मला वाईट वाटतं. ती माणसं नारळ खात होती: खोबरं, त्याचं दूध, सोबत मासे, आणि साखर अगदी थोडी. अंगमेहनतही भरपूर. आणि जिथे नारळ जास्त होता त्या टोकेलाऊच्या लोकांचं कोलेस्टेरॉल पुकापुकापेक्षा वर होतं, हेही त्याच अभ्यासात आहे.

अख्खा नारळ आणि त्यातून काढलेली वस्तू यांत फार अंतर आहे. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणी, 33 ग्रॅम चरबी, 9 ग्रॅम तंतू आणि तीनेक ग्रॅम प्रथिनं असतात. दोन मोठे चमचे खोवलेलं खोबरं म्हणजे साधारण 10 ग्रॅम. त्यातून संपृक्त चरबी तीन ग्रॅम जाते, आणि अख्ख्या पदार्थाला नारळाचा स्वाद येतो. एक मोठा चमचा खोबरेल तेलातून तीच 11-12 ग्रॅम जाते. त्यातून ते तेल रिफाइंड असेल तर स्वाद शून्य, कारण नारळाचा वास देणारी द्रव्यं शुद्धीकरणात निघून जातात. खोवलेल्या ओल्या नारळाला आपण 'चव' म्हणतो: तो चव, आणि त्याने येते ती चव. मला वाटतं, भाषेनेच नारळाचं काम नेमकं सांगून ठेवलंय. तो पदार्थाला स्वाद देण्यासाठी घाला. लोणी, पीठ, साखर, दूध या सगळ्यांची जागा भरून काढायला त्याला उभं करू नका.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून: जागतिक आरोग्य संघटना संपृक्त चरबी एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, म्हणजे 2000 कॅलरींच्या आहारात 22 ग्रॅम. ज्यांना एलडीएल खाली आणायचाय त्यांना अमेरिकन हार्ट असोसिएशन सहा टक्क्यांच्या आत राहायला सांगते, म्हणजे 13 ग्रॅमच्या आसपास. तुमच्या केकमध्ये 120 ग्रॅम खोबरेल तेल असेल आणि आठ तुकडे होत असतील, तर वडिलांचा दिवसभराचा वाटा एका तुकड्यात संपला.

आता केककडे वळू. मी हल्ली करते तो असा. 50 ग्रॅम बिनसाखरेचं डेसिकेटेड, म्हणजे किसून वाळवलेलं, खोबरं कोरड्या कढईत मंद आचेवर परतायचं, हात थांबवायचा नाही. खोबऱ्यात स्वतःची साखर असते, त्यामुळे ते बदामी होता होता क्षणात करपतं. रंग धरायला लागला की लगेच ताटात काढा, कढईत ठेवलंत तर गॅस बंद असूनही पुढे जातं. भाजल्याने वास कितीतरी पटीने खुलतो आणि म्हणून कमी खोबऱ्यात भागतं. हे गार झालं की 150 ग्रॅम दह्यात अर्धा तास भिजवायचं. ही पायरी गाळू नका. डेसिकेटेड खोबऱ्यात पाणी जेमतेम तीन टक्के असतं, त्यामुळे ते तसंच घातलं तर भट्टीत मिश्रणातला ओलावा ओढून घेतं, आणि केक कोरडा होतो. मग त्यात दोन अंडी, 110 ग्रॅम साखर आणि 70 ग्रॅम वास नसलेलं सूर्यफुलाचं किंवा तसलं एखादं तेल फेटून घ्यायचं. 150 ग्रॅम गव्हाचं पीठ, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ चाळून घालायचं आणि हलक्या हाताने एकत्र करायचं. घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे दूध. वरून लिंबाची साल किसून घातली तर खोबऱ्याचा जडपणा कापला जातो. 170 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. दहा तुकडे केले तर एकेकात संपृक्त चरबी चार ग्रॅमच्या आसपास येते. साखर आहेच, त्यामुळे हा रोजचा खाऊ नव्हे, पण वडिलांना तुकडा देताना मनात धाकधूक राहत नाही.

तुमचा केक भुगा होतोय तो नारळाच्या पिठामुळे. हे पीठ म्हणजे खोबऱ्यातलं दूध किंवा तेल काढून उरलेला चोथा, वाळवून दळलेला. त्यात ग्लुटेन नसतं, म्हणजे केकला धरून ठेवणारं जाळंच नाही, आणि तंतू इतके की ते स्पंजासारखं पाणी पितं. एका कप मैद्याच्या जागी एक कप नारळाचं पीठ कधीही चालणार नाही. निव्वळ त्याचाच केक करायचा तर कपाच्या जागी पाव कपच घ्यायचं, आणि प्रत्येक पाव कपाला एक अंडं आणि जवळपास तेवढाच आणखी द्रव पदार्थ. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी हे ठीक आहे. तुम्हाला तशी अडचण नसेल तर 150 ग्रॅम गव्हाच्या पिठातलं 25 ग्रॅम काढून तिथे नारळाचं पीठ घाला, तेवढंच दूध वाढवा आणि मिश्रण दहा मिनिटं झाकून ठेवा. तंतू मिळतात, केकही टिकून राहतो. घरी नारळाचं दूध काढलंत तर ओला चोथा फेकू नका. मफिनमध्ये मूठभर सहज खपतो.

खोबरेल तेल पूर्ण सोडायला हवं असं नाही. कधीतरी एखाद्या कुकीला तोच वास हवा असतो, तेव्हा घाण्याचं तेल वापरा, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. लोण्यात 16 ते 18 टक्के पाणी असतं, तेलात नसतं. म्हणून 100 ग्रॅम लोण्याच्या जागी 80 ग्रॅम तेल आणि वर चमचाभर-दीड चमचा दूध पुरतं. दुसरं, हे तेल सुमारे 24 अंशांना गोठतं. पातळ केलेल्या तेलात फ्रिजमधली गार अंडी फोडलीत की लगेच गुठळ्या होतात. अंडी-दूध खोलीच्या तापमानाला आणून मगच मिसळा.

नारळाच्या साखरेबद्दल फार लिहीत नाही. तिच्यात बहुतांश साधी साखरच आहे, 70 टक्क्यांच्या वर. खनिजं आहेत, पण चमचाभर साखरेतून ती मोजण्याइतकी मिळत नाहीत. टॉफीसारखा स्वाद आवडत असेल तर वापरा. मोजताना मात्र ती साखर म्हणूनच मोजा.

रस्सा का फुटतो? नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे चरबीचे बारीक थेंब, आणि त्या प्रत्येकाला प्रथिनांचा पातळ वेढा. 80 अंशांच्या पुढे ती प्रथिनं आकसतात, आंबट पदार्थाने तर आणखी लवकर, आणि थेंब एकमेकांना चिकटून तेल वर येतं. घरी काढलेल्या दुधात हे जास्त होतं. डब्यातल्या दुधात बहुधा ग्वार गमसारखं दाटपणा देणारं काहीतरी घातलेलं असतं म्हणून ते तग धरतं. उपाय सोपा आहे. भाजी पातळ दुधात किंवा नुसत्या पाण्यात शिजवून घ्या. दाट दुधात छोटा चमचा तांदळाचं पीठ कालवा आणि शेवटी, आच मंद करून घाला. उकळी फुटू द्यायची नाही, झाकण ठेवायचं नाही, एकसारखं ढवळायचं. टोमॅटो आधीच पूर्ण शिजलेला हवा, लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर. फुटलाच तर टाकून देऊ नका, चवीला काही होत नाही. ब्लेंडरमधून फिरवला की बऱ्यापैकी जुळून येतो.

प्रमाणाचं मात्र पाहा. 400 मिलिलिटरचा दाट दुधाचा डबा चौघांत संपवला तर प्रत्येकाच्या पानात 17-18 ग्रॅम संपृक्त चरबी येते. मी चौघांना अर्धा कप घालते आणि रश्शाचा दाटपणा शिजलेल्या भोपळ्यातून किंवा वाटलेल्या डाळीतून आणते. वरून चमचाभर भाजलेलं खोबरं पेरलं की कमी दूध घातल्याचं जाणवतही नाही. 'लाइट' दुधाला वेगळे पैसे मोजू नका, ते बहुतेक वेळा पाणी घातलेलं दूधच असतं. आणि चहा-दुधासाठी मिळणारं खोक्यातलं नारळाचं पेय हे तिसरंच काही आहे: त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, कॅल्शियमही वरून घातलं असेल तरच. लहान मुलांना गाईच्या दुधाऐवजी ते देऊ नका.

नारळपाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण वडिलांना रक्तदाबाचं किंवा मूत्रपिंडाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते रोज देऊ नका. 100 मिलिलिटरला जेमतेम 20 कॅलरी, चरबी जवळजवळ नाही, म्हणून इतरांसाठी ते उत्तमच. पण त्यात पोटॅशियम बरंच असतं आणि काही औषधांमुळे शरीर ते बाहेर टाकू शकत नाही.

शेवटचं, खोबरं साठवण्याचं. ओला चव फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. मी अख्खा नारळ एकदाच खोवते, दोन-दोन चमच्यांच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाकते, आणि तीच माझी मोजणी होते: एका माणसाला एक पुडी. डेसिकेटेड खोबरं ओलं झालं की त्यातली चरबी तुटून लॉरिक आम्ल मोकळं होतं आणि खोबऱ्याला साबणासारखी चव येते; साबण त्याच आम्लापासून करतात, म्हणून. वासावरून हे नेहमी कळत नाही. जुनं पाकीट उघडलंत तर केकमध्ये घालण्याआधी चिमूटभर तोंडात टाकून, नीट चावून पाहा.